उसवलेलं डाळिंब

मला अजूनही मावशीचा राग येतो. ती वाईट नाही, असं सगळे मला समजावतात. मलाही ते माहीत आहे. वाईट असती तर चार शब्द सुनावून मी मोकळी तरी झाले असते.

आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, दाबत बसा म्हणाले. आईने तो डाव्या हाताने पलंगाखाली भिरकावला. "मी काय लहान लेकरू हाय?" मग मी कपाट उपसून तिची लोकर बाहेर काढली. सोलापूरच्या उन्हाळ्यात लोकर नुसती बघितली तरी घाम सुटतो, पण आईने जन्मभर लोकरीचंच भरतकाम केलं. जाड कापडावर वेली, पानं, पोपट. शेजारणी हसायच्या. आईने त्यांना कधी भीक घातली नाही.

मी कापडावर पेन्सिलीने एक डाळिंब काढून दिलं. मांडीवर उशी, उशीवर भरतकामाची रिंग. मोठ्या नेढ्याची सुई मी ओवून द्यायची, बाकी सगळं तिने त्या उजव्या हाताने करायचं. सुरुवातीला सुई नुसती गळून पडायची आणि आई मला शिव्या द्यायची, जणू मीच ती खाली ओढत होते. मग एक टाका पडला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. साखळी टाका म्हणावा तर कुठे गाठ, कुठे नुसतंच वेटोळं. काही आठवड्यांनी जे तयार झालं ते डाळिंब कमी आणि बटाटा जास्त दिसत होतं. माझा त्या बटाट्यावर फार जीव होता. मी कामावरून आले की आई म्हणायची, "बघ की, लई झालं आज." पाच-सहा टाके झालेले असायचे. पण बोटं धरायला लागली होती, आणि हे तिलाही कळत होतं.

अशात मोहोळहून आईची धाकटी बहीण, माझी मावशी, तिला बघायला आली. मावशीला वाकडं काही सोसत नाही. दुसऱ्याच्या घरातली तसबीर सरळ करेल, लग्नात अनोळखी बाईच्या निऱ्या नीट करेल. तिलाही भरतकाम येतं, आईनेच शिकवलेलं. दुपारी आईचा डोळा लागला आणि मावशीने रिंग हातात घेतली.

संध्याकाळी मी घरी आले तर डाळिंब गोल गरगरीत होतं. कड गुळगुळीत, आतले दाणे एकसारख्या गाठींचे. आईचा एकही टाका शिल्लक नव्हता. उसवलेल्या लोकरीचे कुरळे तुकडे केराच्या डब्यात, मेथीच्या देठांखाली पडले होते.

"अगं, समदं वेडंवाकडं झालं हुतं. लोकं येत्यात, बगत्यात. नीट करून ठिवलं," मावशी कौतुकाने म्हणाली. वर घरच्या ग्रुपवर फोटोही टाकला होता, 'अक्काचा हात सुधारला' असं लिहून. फोन सारखा वाजत होता. जोडलेले हात, फुलं, वा वा, काय सुरेख!

माझं डोकं सणकलं. "ते लोकांना दाखवायला नव्हतं मावशी! तिचा हात चालतोय, एवढंच त्यात होतं. तेच उसवून टाकलंस तू!" शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला इतकी मी ओरडले. मावशीने डोळ्याला पदर लावला. चांगलं करायला गेले आणि बोलणी खाल्ली, म्हणाली. चांगल्या मनाने केलं की सगळं माफ? कुणी ठरवलं हे? त्या चांगल्या मनाला, आईला उठवून एकदा विचारावंसं वाटलं नाही.

आई उशाला टेकून बसली होती. तिने डाळिंबावरून सावकाश अंगठा फिरवला. मला वाटलं, आता ही मावशीला चांगली सोलून काढणार. मी वाटच बघत होते.

"तिला बोलू नगंस," आई म्हणाली. "चांगलं झालंय की. मला कुटं जमत हुतं?"

मी तणतणत आत गेले, चहा केला आणि जरा निवल्यावर कप तिच्या उजव्या हाताशी ठेवला. सकाळी तिने त्याच हाताने चहा घेतला होता, अर्धा सांडत का होईना. मी थांबले. हात मांडीवरून हलला नाही. आईने माझ्याकडे बघितलं आणि लहान लेकरासारखं तोंड उघडलं.