तिसऱ्या टॉवरची वाफ
कुकरची वाफ सुटली की वीज मंडळात अख्खा जन्म काढलेले माझे बाबा आठवतात. दोन हजार पाचच्या सुमारास ते आमच्याकडे इंग्लंडमध्ये वॉटफर्डला आले होते. एकदा फिरायला निघालो, तर वाटेत पॉवर स्टेशनचे वाफ सोडणारे टॉवर दिसताच त्यांनी भर पावसात गाडी गेटपाशी न्यायला लावली. "पूर्वी हे सरकारी होतं, आता जर्मन कंपनीचं आहे," बाबांनी विचारल्यावर गार्ड म्हणाला. "मालक कुणी का असेना, तिसऱ्या टॉवरची वाफ कमी आहे, आत कळवायला सांग याला!" बाबा मला म्हणाले आणि हटेनात. "बाबा, चला ना! तुमची नोकरी संपली आता!" मी खेकसलो. ते गाडीत बसले आणि काच पुसून टॉवरकडे बघत राहिले. परवा त्याच रस्त्याने गेलो, तर टॉवर पाडलेले. मी गाडी थांबवली, तशी मागून मुलगी वैतागली, "बाबा, चल ना! इथे काहीच नाहीये!"