वज्रेश्वरीच्या कुंडात काळे पडलेले पैंजण

सून होऊन भिवंडीला आले तेव्हा माझ्यापाशी रसायनशास्त्राची पदवी होती आणि तोंड उघडायची मुभा नव्हती. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं ती. नव्या सुनेला वज्रेश्वरीला न्यायची घरची रीत, म्हणून सासूबाई आणि त्यांची मोठी नणंद, म्हणजे आमच्या आत्याबाई, मला एसटीने घेऊन गेल्या. देवीचं दर्शन झाल्यावर मी गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसले. बघता बघता वडिलांनी लग्नात दिलेले पैंजण पिवळट झाले, मग काळे पडले.

"ही चांदी न्हाय," आत्याबाई म्हणाल्या. "बापानं फसवलंय. उद्याच परत पाठवा."

माझे वडील साधे कारकून. पैंजण परत आलेले पाहून ते पार खचले असते. चांदी हवेतल्या ऑक्सिजनला दाद देत नाही, या कुंडासारख्या गंधकाच्या पाण्यात मात्र लगेच काळवंडते, हे मला पाठ होतं. पण आत्याबाईंना शिकवणार कोण?

तेवढ्यात सासूबाईंनी कमरेचा चांदीचा छल्ला काढला, किल्ल्या सोडवल्या आणि तो पाण्यात धरला. तो त्यांना आत्याबाईंच्या आईने दिलेला. थोड्या वेळात तोही काळा झाला.

"मंग तुमच्या आईचा छल्ला पन खोटा का, वन्सं?"

परतताना आत्याबाई एसटीत आम्हाला सोडून थेट पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. मला अजून हसू येतं.

घरी जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मी उकळतं पाणी, धुण्याचा सोडा आणि मीठ घातलं आणि पैंजण, छल्ला त्यात बुडवले. कुजक्या अंड्यांसारखा वास सुटला आणि दोन्ही पुन्हा पांढरे झाले. सासूबाई वाकून बघत होत्या. त्या आत गेल्या आणि ट्रंकेच्या तळातून फडक्यात बांधलेले काळेकुट्ट तोडे घेऊन आल्या.

त्या नव्या सून असताना याच कुंडात ते काळे पडले होते. खोटे म्हणून परत पाठवले, तेव्हा त्यांच्या वडिलांनी मान खाली घालून दुसरे आणून दिले; हे काळे पुढे आईने गुपचूप त्यांच्याकडे दिले होते. सासूबाईंनीही ते खोटेच मानले होते. आज छल्ला काळा पडेल याची त्यांनाही खात्री नव्हती, तरी माझ्यासाठी त्यांनी तो पाण्यात धरला होता.

"हे पन घाल त्यात."

तोडे पांढरेशुभ्र निघाले. पदराने पुसत त्या कितीतरी वेळ तिथेच बसून राहिल्या.

"माज्या बापानं खरीच चांदी दिली होती," त्या म्हणाल्या. "तुजे लय उपकार झाले, पोरी."

माझ्या वडिलांची लाज राखणारी बाई माझेच उपकार मानत होती. त्यांचे वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.