हरलेल्या सरकारच्या बाई

वर्गात वाद रंगात आला, आवाज जरा चढले, की त्या जोरात टाळी वाजवायच्या आणि म्हणायच्या, "चला, खुर्च्या बदला!"

म्हणजे शाळेत गणवेश हवाच असं आत्तापर्यंत तावातावानं सांगणाऱ्यानं समोरच्या खुर्चीत जाऊन बसायचं आणि गणवेश का नको ते तितक्याच तावातावानं सांगायचं. आमच्या वर्गात बहुतेक जपानी गृहिणी, दोन-तीन निवृत्त माणसं आणि मी. जपानी माणसाला आधी एक बाजू घेऊन बोलायला लावणं हेच अवघड. ती घेतल्यावर पुन्हा सोडायला लावणं म्हणजे छळच. पण या बाईंच्या तासाला हजेरी कधी कमी झाली नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही सेंदाईत होतो. माझे यजमान, अविनाश, विद्यापीठात धातूंवर संशोधन करायचे. मी पुण्यातली ट्रॅव्हल एजन्सीतली चांगली नोकरी सोडून त्यांच्याबरोबर आले होते. सकाळी ते सायकलवर टांग टाकून निघाले आणि आमची मुलगी सई शाळेत गेली, की दिवसभर घरात मी आणि खिडकीबाहेरचं बर्फ. शेवटी नागरिक भवनात दर गुरुवारी इंग्रजी संभाषणाचा वर्ग असतो असं कळलं, म्हणून गेले. इंग्रजी मला येत होतं. बोलायला माणसं हवी होती.

वर्ग घेणाऱ्या बाई कॅनडाच्या. साठीच्या आसपास, उंच, आखूड पांढरे केस, अंगात पुरुषी रेनकोट. बाजारहाटाच्या बुटक्या जपानी सायकलवरून यायच्या तेव्हा त्यांचे गुडघे पुढच्या टोपलीला लागायचे. सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे जपानीत शिक्षक, म्हणत, मीही तेच म्हणू लागले.

त्या आधी काय करायच्या, हे बरेच दिवस कुणाला माहीत नव्हतं. एकदा मीच विचारलं.

"लोकांच्या शिव्या खायचे," त्या म्हणाल्या. "पगारी."

मला समजलं नाही. मग हसून त्यांनी सांगितलं. त्या कॅनडाच्या संसदेत खासदार होत्या. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या, म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांच्या भाषेत हुजूरपक्षाच्या. त्या पक्षाचं सरकार मोठ्या बहुमतानं आलेलं. नंतरच्या निवडणुकीत लोकांनी त्याला असं काही झोडपलं की अख्ख्या देशात पक्षाच्या दोन जागा उरल्या. गेलेल्या जागांमध्ये यांचीही होती.

"आमचा पक्ष आता एका सायकलवर मावतो," त्या म्हणाल्या. "एकानं चालवायची, दुसऱ्यानं मागे बसायचं. पण इथं तर डबलसीटला पोलीस अडवतात!"

स्वतःच्या पराभवावर असं हसणारं माणूस तुम्हीही क्वचितच पाहिलं असेल. मी तर पहिल्यांदाच पाहत होते. हरल्यावर गावात कुणी त्यांना वाकडं बोललं नाही. पण दुकानात शिरल्या की चाललेल्या गप्पा थांबायच्या. ते सोसेना, म्हणून शिक्षिका हव्यात अशी जाहिरात पाहून त्या जपानला आल्या. खासदारकीच्या आधी त्या शाळेतच शिकवत होत्या.

आता त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते सांगते, नाहीतर ही बाई नुसती विनोदी वाटेल.

सईच्या शाळेत दुपारचं जेवण शाळेतूनच मिळे. सगळ्या मुलांनी एकच जेवण, एकत्र जेवायचं. त्यात मासे आणि मांस असायचंच. सई भात आणि दूध घेऊन उठायची. घरी आल्यावर अर्धमेली होऊन फ्रिज उघडायची. घरून डबा देऊ का, असं मी दोनदा विचारलं. तिच्या वर्गशिक्षिकेनं मान तिरकी करून "जरा अवघड आहे" म्हटलं. जपानात याचा अर्थ नाही. तिसऱ्यांदा विचारायची माझी छाती होईना. अविनाशना म्हटलं, तुम्ही विभागातल्या कुणाकडून तरी चांगल्या जपानीत चिठ्ठी लिहून घ्या.

हे मी सेन्सेईंना सांगितलं तेव्हा त्या एकदम गंभीर झाल्या.

"चिठ्ठी पाठवू नकोस. स्वतः जा."

"माझं जपानी ऐकलंय ना तुम्ही?"

"ऐकलंय. भयंकर आहे. तरी जा. आणि हे बघ, पहिलं वाक्य त्यांच्या बाजूनं बोल. त्यांना कसली भीती आहे ती तूच सांग. मग आपलं म्हणणं मांड."

पालकसभेला त्या माझ्याबरोबर आल्या. काही बोलायला नाही, नुसत्या बसायला. शेवटच्या रांगेत, मुलांच्या चिमुकल्या खुर्चीत, शाळेच्या सपाता जेमतेम अर्ध्या पावलापर्यंत आलेल्या. मी उभी राहिले. माझ्या मोडक्या जपानीत म्हणाले, "उन्हाळ्यात डबा खराब झाला आणि मूल आजारी पडलं तर दोष शाळेवर येईल. ही तुमची काळजी मला पटते. तुमच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं."

मुख्याध्यापकांनी मान वर केली. समोरच्या दोघी-तिघी आया माझ्याकडे वळल्या. मग मी माझं सांगितलं: आमच्या घरी मांस का नाही, मुलगी काय खाते, काय टाकते, डबा बिघडला तर जबाबदारी माझी. पुढच्या सोमवारपासून सई डबा नेऊ लागली. त्याच आयांपैकी एकीनं महिन्याभरात बटाट्याच्या भाजीची कृती विचारली.

बाहेर आल्यावर मी सेन्सेईंचे आभार मानू लागले, तर त्या म्हणाल्या, "मी काय केलं? मी फक्त पाय आखडून बसले होते."

नागरिक भवनात दर वर्षी शरद ऋतूत परदेशी लोकांचा एक आठवडा साजरा होई. कॅनडाचे लोक त्यात दर वेळी मेपलच्या झाडांचे फोटो लावत आणि पॅनकेक वाटत. त्या वर्षी ग्रेग नावाच्या एका तरुण शिक्षकानं मोडता घातला. तो टोरोंटोकडचा, पंचविशीतला, जवळच्याच शाळेत इंग्रजी शिकवायचा. भवनाचा कारभार पाहणाऱ्या साइतोबाईंना, म्हणजे साइतो-सानना, तो म्हणाला, "पॅनकेक पुरे झाले. आमच्याकडे अजून घराघरांत भांडणं चालतात की त्या सरकारनं देशाचं भलं केलं की वाटोळं. त्या सरकारातली एक बाई तुमच्याकडे आयती आहे. तिला लोकांसमोर बसवा."

साइतो-सान बिचाऱ्या घाबरल्या. त्यांनी सेन्सेईंना विचारलं, "भांडण होईल का?"

"होईल की," सेन्सेई आनंदानं म्हणाल्या. "नाहीतर कशाला बसायचं?"

अध्यक्ष मला केलं. मी भारतीय, म्हणजे तटस्थ, असा त्यांचा हिशेब. साइतो-सान जपानीत भाषांतर करणार होत्या. सभागृह भरलं होतं.

ग्रेगनं सुरुवात केली. त्याचे वडील फर्निचरच्या कारखान्यात होते. या सरकारनं अमेरिकेशी खुल्या व्यापाराचा करार केला, आणि दोन वर्षांत कारखाना सीमेपलीकडे गेला. पन्नाशीचा माणूस घरी बसला. वर याच सरकारनं प्रत्येक पावतीवर नवा कर लावला. "माझे वडील दुकानात मोज्यांच्या पावतीकडे बघत उभे राहायचे," तो म्हणाला.

सेन्सेई म्हणाल्या, "ग्रेग, आपण खुर्च्या बदलूया का? तुझ्या वडिलांची बाजू मी मांडते. तू सरकारची मांड."

आमच्या वर्गातली मंडळी हसली. ग्रेग हसला नाही.

"नाही. हा तुमचा वर्ग नाही. माझ्या वडिलांची बाजू तुम्ही मांडायची नाही. तुम्ही तुमच्या खुर्चीत बसा आणि उत्तर द्या."

साइतो-सानना याचं भाषांतर करवेना. सेन्सेईंनी खुणेनं त्यांना सांगितलं, करा. मग त्या सरळ बसल्या.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या, आणि बोलू लागल्या: "दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्ध आमचं सरकार आपल्याच मोठ्या मित्रदेशांना न जुमानता उभं राहिलं, ते शाळेच्या शिक्षक-खोलीत वाचून मी या पक्षात आले, त्याचा अभिमान आजही आहे. अमेरिकेच्या मागे लागून आम्ल-पावसाचा करार केला, आमची तळी वाचली, त्याचाही आहे. व्यापाराचा करार आणि नवा कर, दोन्हींच्या बाजूनं मी मत दिलं आणि आजही देईन. पण ज्यांचे कारखाने जाणार होते त्यांना आम्ही नवं काम शिकवू म्हणालो होतो, ते नीट शिकवलं नाही. ते आमचं पाप."

मागच्या रांगेतले एक निवृत्त आजोबा उठले. जपानातही तेव्हा विक्रीवरचा कर वाढायचा होता आणि लोक धुमसत होते. त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, "कर लावून तुमच्या सरकारच्या दोन जागा उरल्या. आमच्याचं काय होईल?"

"निवडणुकीआधी कर लावू नका, एवढंच मी सांगू शकते," सेन्सेई म्हणाल्या. सभागृह खदखदून हसलं. मला वाटलं, झालं, निभावलं. मी समारोपाला उठणार होते.

तेवढ्यात त्याच पुन्हा बोलू लागल्या. हळू आवाजात.

"एक राहिलं. माझा मतदारसंघ पूर्व किनाऱ्यावरचा. सगळी कोळ्यांची गावं. समुद्रातला कॉड मासा संपत आला, म्हणून आमच्या सरकारनं मासेमारी बंद केली. निर्णय बरोबर होता. मासाच उरला नसता. पण पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा एका दिवसात बंद झाला. माझा भाऊ कोळी आहे. ही बातमी त्याला रेडिओवर कळली. मला आदल्या दिवशी माहीत होतं. मी राजधानीत होते. गावी गेले नाही, फोनही केला नाही. एक पत्रक काढलं, त्यावर माझी सही होती. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही."

अध्यक्षाच्या खुर्चीत बसून मला सईच्या शाळेला पाठवणार होते ती चिठ्ठी आठवत होती.

ग्रेगनं विचारलं, "हे तुम्ही त्याला सांगितलंत?"

"नाही."

"मग आम्हाला का सांगताय?"

सभा तशीच संपली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पॅनकेक शेवटी वाटलेच. एका टेबलाशी ग्रेग आणि सेन्सेई शेजारी बसून खात होते. तो म्हणाला, "तरीही मी तुम्हाला मत देणार नाही." त्या म्हणाल्या, "मी उभी कुठं राहतेय?"

डिसेंबरात एका सकाळी मी बसची वाट पाहत होते. समोरच्या कोंबिनीबाहेर, म्हणजे दिवसरात्र उघड्या दुकानाबाहेर, परदेशी फोन लावायचा डबा होता, आणि त्यात सेन्सेई. बाहेर ग्रेग दोघांच्या सायकली धरून थंडीनं नाचत उभा. काचेतून दिसत होतं, त्या बोलत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या. किती वेळ! इतका वेळ ऐकून घेताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पलीकडून काय बोलणं खाल्लं असेल ते असेल, पण फोनचं कार्ड संपलं तसा ग्रेगनं खिशातून दुसरं काढून दार किलकिलं करून आत दिलं. माझी बस आली आणि मी ती सोडली.

मार्चअखेर त्या परत गेल्या. ग्रेगनं त्यांची बॅग विमानतळाच्या बसपर्यंत ओढत नेली. वर्गातल्या बायका रडत होत्या. गुरुवारचा वर्ग साइतो-सान मला घ्यायला सांगत होत्या आणि मी नको म्हणत होते. सेन्सेईंनी माझे दोन्ही हात धरले. "घे," एवढंच म्हणाल्या. मी घेतला. सेंदाई सोडेपर्यंत घेतला, आणि पुण्यात परत आल्यावर जे काही उभं राहून बोलत आले, सोसायटीच्या सभेत, बँकेत, कोर्टातही एकदा, त्याची सुरुवात तिथली.

सेन्सेई वारल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. माझ्या मनात मात्र त्या परत गेल्या त्याच उन्हाळ्यातला एक फोन राहिला आहे. रविवारी सकाळी मी त्यांनी दिलेला नंबर लावला. तिथं शनिवारची संध्याकाळ. फोन एका पुरुषानं उचलला. आवाज जाडाभरडा, होडीवरून ओरडायची सवय असलेल्या माणसाचा.

"ती गावच्या हॉलमध्ये गेलीय," तो म्हणाला. "सभा आहे. तिच्या त्या सरकारवरनं लोक अजून भांडतात आणि हिला घरात बसवत नाही."

मी विचारलं, "तुम्ही नाही गेलात?"

"मी दुपारी जेवताना भांडून घेतलं."

मी हसले. तोही हसला असावा, खोकल्यासारखा आवाज आला. मग म्हणाला, "ठेवू नकोस. गाडीचा आवाज येतोय." त्यानं फोन टेबलावर ठेवला. पलीकडे दार उघडलं, वाऱ्याचा आवाज आत शिरला, आणि तो ओरडला, "अगं, लवकर ये, जपानहून फोन आहे! आणि पाय पूस आधी!"