मांडीवरचा ढोल

चौथ्या मजल्यावर कुणीतरी रोज सकाळी बाल्कनीत गोधडी धोपटतंय, अशी तक्रार आली आणि मी, करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीचा नवाकोरा सेक्रेटरी, नियमावलीची झेरॉक्स घेऊन वर गेलो. दार उघडंच होतं. एक उंच आफ्रिकन बाई गुडघ्यांत कापडाचं घट्ट गाठोडं धरून त्यावर दोन्ही हातांनी असा ठेका वाजवत होती, की मी दारातच खिळलो.

"भाऊ, आधी पाय थांबव, मग नोटीस दे," ती म्हणाली. माझे पाय ठेक्यावर नाचत होते, हे मला तेव्हा कळलं.

ही दुल्से. बेलापूरच्या एका कंपनीत पोर्तुगीज बोलणाऱ्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. मराठी ऑफिसातल्या बायकांकडून उचललेलं. जन्म लिस्बनचा, आजी मात्र केप व्हर्दची. आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रातली ही बेटं आजीच्या तरुणपणी पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. त्या राज्यकर्त्यांना ढोल खपत नसत, म्हणून बायका लुगड्यांच्या घड्या वाजवू लागल्या, असं आजी सांगायची. "ढोल कोणीपण काढून घेईल," दुल्से म्हणायची, "मांडी कोण काढून घेणार?"

"लिस्बनमध्ये विचारतात, कुठून आलीस? बेटावर गेले तर म्हणतात, लिस्बनवाली आली. इथे रिक्षावाला विचारतो, नायजेरिया?" हे ती हसत सांगायची. पण लिस्बनच्या हॉटेलांत तिने पर्यटकांना आवडणारी पोर्तुगीज गाणीच गायली होती. आजीची गाणी चारचौघांत एकदाही नाही. सोसायटीच्या पूजेला ती आजीचं गाणं गाणार म्हटल्यावर मी हर्षवायू झाल्यासारखा प्रत्येक मजल्यावर सांगत सुटलो.

आदल्या दिवशी ऑफिसला जाताना तिने गाठोडं माझ्याकडे दिलं: "स्टेजच्या सामानात ठेव." मी काय केलं? पाहुणीचं कापड चुरगळलेलं कसं चालेल, म्हणून दोरे सोडले आणि ते इस्त्रीला टाकलं.

कार्यक्रमाच्या वेळी मी ते हँगरवरून मोठ्या ऐटीत तिच्यापुढे धरलं. कडक इस्त्री.

दुल्सेने कापडावरून हात फिरवला. "ही आजीच्या हातची घडी होती, भाऊ. ती गेल्यापासून कोणी सोडली नाही." आणि ती जिन्याकडे वळली.

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. मागून आमच्या शेजारच्या हिराबाई उठल्या. मोरा बंदरावरच्या कोळीण, जन्मभर मासे विकलेल्या.

"अगो पोरी, गानं आजीचं हाय का इस्त्रीवाल्याचं?" त्यांनी ते कापड माझ्या हातातून हिसकावलं, मांडीवर घेऊन वळकटी केली. "मना दाखव, किती आवलू? आनि सेक्रेटरी, तू लांब उभा रा."

दुल्से परतली. वळकटीवर बुक्की मारून म्हणाली, "अजून घट्ट." मग सहा बायका ओढण्या, शाली, साड्या वळत बसल्या. निवेदनाचा कागद माझ्या खिशात होता: 'पोर्तुगालच्या सुप्रसिद्ध गायिका'. दुल्सेने माझ्या हातून माइकच काढून घेतला. "मी दुल्से. आजीचं गाणं गाते."

आणि काय गायली! शब्द कुणाला कळला नाही, पण प्रमुख पाहुणे म्हणून आलेले नगरसेवक भाषण विसरले.

वर्षभराने नोकरी संपली, ती लिस्बनला परतली. गेल्या महिन्यात व्हिडिओ आला. भर चौकात बायकांचा घोळका घड्या वाजवतोय, मधोमध दुल्से गातेय. अचानक 'हिराबाई' ऐकू आलं. मी लगेच फोन लावला.

"आमची रीत आहे," ती म्हणाली. "जे घडलं ते गाण्यात घालायचं. तूपण आहेस, भाऊ."

"कुठे?"

"पुढे बघ. सगळ्या जिथे हसतात ना, तिथे."