सर आणि शेजारचं दार

हिब्रू वाचणारा माणूस गेरूला घाबरायचा.

मला आधी हसू यायचं. खरं सांगते.

विरूपाक्ष सर आमचे शेजारी. बीडला त्यांच्या नि आमच्या घरात एकच भिंत. मी लग्न होऊन चौसाळ्याहून नवीन आले, तेव्हा ते कॉलेजातून रिटायर होऊन तिथं कधीचे राहात होते. आयुष्यभर धर्म शिकवला, त्यातही बायबलचा अभ्यास सगळ्यात दांडगा. गळ्यात लिंग, टेबलावर हिब्रू बायबल.

लोक विचारायचे, "सर, तुम्ही बाटलात का हो?"

सर म्हणायचे, "बाटायला वेळ कुठंय? अजून वाचूनच झालं न्हाई."

असा मिश्कील माणूस. पण दाराचा विषय निघाला की चेहराच बदलायचा.

नेमप्लेट नाही. दिवाळीत शुभ-लाभ नाही. मी एकदा हौसेनं त्यांच्या चौकटीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, तर सर ओलं फडकं घेऊन पुसत बसले. मला असला राग आला! कितीतरी दिवस बोललेच नाही त्यांच्याशी.

मग माझ्या मुलीला ताप आला.

सरकारी दवाखान्याचा हिवतापवाला आला, तिच्या बोटाचं रक्त घेतलं आणि जाताना आमच्या दाराशेजारी गेरूनं तपासणीची तारीख टाकून गेला. तेव्हा सगळ्यांकडेच टाकायचे.

सर बाहेर आले. ते लाल अक्षर बघितलं आणि धोतराच्या सोग्यानं आमची भिंत घासायला लागले. 

"अहो सर, काय करताय?"

"पोरीला आत घे. दार लाव. नेतील तिला."

"कोण नेईल?"

 सर घासतच राहिले.

आता मीही घाबरले. हाताला धरून त्यांना आत आणलं, पाणी दिलं. तेव्हा सर पहिल्यांदा त्याबद्दल बोलले.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. सर पाच-सहा वर्षांचे, घाटनांदूरला. वडिलांचं छोटं किराणा दुकान.

गावात प्लेग आला. आधी उंदीर पडले, मग माणसं.

सकाळी कोतवाल फिरायचा. ज्या घरात ताप, त्याच्या दारावर गेरूचा पट्टा ओढायचा. दुपारी अमीनसाहेबाचे, म्हणजे निजामाच्या फौजदाराचे, जवान बैलगाडी घेऊन यायचे आणि पट्टा बघून आजारी माणसाला गावाबाहेर माळावरच्या झोपड्यांत नेऊन टाकायचे.

माळावरून परत आलेलं माणूस सरांनी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी पट्टा त्यांच्या दारावर होता. आई तापानं फणफणली होती.

वडिलांनी पट्टा पुसून काढला. आईला कणगीच्या मागं निजवलं, वर घोंगडं टाकलं आणि या लेकराला तिच्या उशाशी बसवलं.

"तिच्या तोंडावर हात ठिव. आवाज आला तर तुजी आय गेली बघ."

सर मला म्हणाले, "तिचा श्वास माझ्या तळहाताला पोळत होता. हात काढला तर जवान नेणार, आणि दाबून धरला तर मीच मारणार."

बाहेर गाडी थांबली.

"निशान किधर गया? इस गली में बीमार कौन है?" जवान वडिलांना विचारत होता.



तेवढ्यात शेजारच्या घरात कुणीतरी खोकलं.

काशीमावशी. एकटी राहणारी बाई. सरांना रोज गूळ-शेंगदाणे द्यायची.

भिंतीपलीकडून सरांना तिचं ओरडणं ऐकू आलं, "आवं, पडसं हाय मला! पिलेगाची गाठ न्हाई! दादा, तुमी तरी सांगा की यांना! दादा!"

दादा म्हणजे सरांचे वडील.

ते काही बोलले नाहीत.

गाडी गेली.

आई वाचली. काशीमावशी माळावरून आली नाही.

 शेवटी विचारलं, "म्हणून बायबल, सर?"

"त्यात एक कथा आहे. रात्री मृत्यू गावातून फिरतो. ज्या चौकटीला रक्ताची खूण, ते घर सोडून पुढं जातो. मिशनच्या शाळेत पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला कापरं भरलं. आमच्याकडं खूण पुसली म्हणून घर सुटलं. जी घरं सुटली त्यांचा सण होतो गं. मी मात्र जन्मभर, मृत्यू जिथं थांबला त्या पुढच्या घराबद्दल वाचत बसलो."

माझी मुलगी बरी झाली. पण त्या दिवसापासून भिंतीपलीकडं कुणी खोकलं की मी हातातलं काम टाकून सरांच्या दाराशी जायची.

मग एकदा सरांनाच ताप भरला. दवाखान्यात न्यायला गाडी आली, दाराशी हॉर्न वाजला आणि त्यांनी माझं मनगट धरलं. एवढ्या आजारी माणसात एवढी ताकद कुठून आली, कुणास ठाऊक.

"खूण केली का?"

"नाही सर. दार कोरं आहे."

"आन् शेजारचं?"

शेजारचं म्हणजे आमचं.

"तेही कोरं आहे, सर. आम्ही सगळे घरात आहोत."

मग हात सोडला. दवाखान्यातून ते परत आले नाहीत.

आज सरांचा स्मृतिदिन. नेमका आज सकाळी एक सर्व्हेवाला खडू घेऊन आमच्या दाराशी उभा. मी म्हटलं, कागदावर लिही बाबा, दारावर नको. तो हसला. हसू दे.

सर, दोन्ही दारं कोरी आहेत.

आता निजा.