एक माणूस कमी

व्हर्ला हॉफ्स्ट्रा एकाहत्तर वर्षांची झाली, तरी राजकारणावरचं तिचं मत तोवर कुणी विचारलं नव्हतं. तिचा नवरा ड्वेन दोघांचं मिळून बोलायचा. गावातल्या डुकरांच्या मांसाच्या कारखान्यात त्याने एकवीस वर्षं सुरी चालवली. तो युनियनचा कट्टर माणूस. तो बोलायचा आणि व्हर्ला त्याची री ओढायची. ती स्वतः शाळेच्या स्वयंपाकघरात चौतीस वर्षं राबली. अमेरिकेतल्या आमच्या आयोवात अशा बायका गावागणिक सापडतील, तेव्हा तिचं फार अप्रूप करायला नको.

एकदा मात्र ती बोलली होती. कारखान्यातला संप दहा महिन्यांनी मोडला, मालकांनी युनियन गुंडाळली आणि सीमेपलीकडून माणसं आणून निम्म्या पगारावर लावली. ड्वेनचा सगळा राग त्या आलेल्या माणसांवर. एका रात्री जेवताना व्हर्ला म्हणाली, "पण त्यांना आणलं कुणी, ड्वेन?" त्याने काटा बशीत ठेवला आणि अर्ध्या जेवणावरून उठला. व्हर्लाने तो विषय पुन्हा काढला नाही. त्या प्रकरणात अख्ख्या गावात अकलेचा म्हणावा असा तेवढाच एक प्रश्न विचारला गेला, आणि तोही भांड्यांबरोबर धुऊन गेला.

पुढे त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, जनेलने, त्याच कारखान्यातल्या एफ्राइनशी लग्न ठरवलं. ड्वेन म्हणाला, आपण जायचं नाही. व्हर्लाने निळा ड्रेस इस्त्री करून ठेवला होता, तो परत कपाटात गेला. चर्चमध्ये मुलीकडच्या बाजूचा पहिला बाक रिकामा राहिला. त्याला आता नऊ वर्षं झाली. जनेल त्याच गावात, चार रस्ते पलीकडे राहते. दुकानात समोर आली तर मान हलवते, पण थांबत नाही. नोव्हेंबरात ड्वेन गेला तेव्हा ती दफनाला आली, सगळ्यांच्या मागे उभी राहिली आणि नंतरच्या कॉफीला न थांबता गेली.

तेव्हापासून व्हर्लाला काही वाटेनासंच झालं होतं. रडू नाही, राग नाही, भूक नाही. शेजारणी बटाटे आणि चीज घालून भाजलेलं जेवण काचेच्या भांड्यांतून आणून द्यायच्या. ती आभार मानायची, गरम करायची आणि खायची. मीठ जास्त होतं की कमी, हेही तिला सांगता आलं नसतं.

जानेवारीत कॉकसची संध्याकाळ आली. अध्यक्षपदासाठी पक्षाने कुणाला उभं करावं, हे आमच्याकडे चिठ्ठी टाकून ठरत नाही. शाळेच्या व्यायामशाळेत जमायचं आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सगळ्या गावादेखत उभं राहायचं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सोयच नाही. ज्या कोपऱ्यात शंभरात पंधरा माणसंही भरत नाहीत, तो कोपरा मोडतो. मग तिथल्या लोकांनी दुसरा कोपरा धरायचा किंवा घर गाठायचं.

शेजारीण ग्लेंडा रायटरने व्हर्लाला कोट चढवला आणि गाडीत बसवून आणलं. आत शिरल्यावर व्हर्ला सरळ खिडकीखालच्या कोपऱ्यात जाऊन खुर्चीवर बसली. दर वेळी ड्वेन तिची बाही धरून तिथेच न्यायचा. त्या वर्षी तो कोपरा उमेदवारांपैकी गव्हर्नरसाहेबांचा होता. हे तिला बसल्यानंतर कळलं.

समोर, बास्केटबॉलच्या जाळीखाली, सिनेटरचा कोपरा होता. तिथे पाटी धरून जनेल उभी होती. काम सारखं तर पगार सारखा, आणि कारखान्यांत युनियन परत, असं ते सिनेटर म्हणत होते.

"सारखा पगार म्हणे," ड्वेनचा जुना सोबती मर्लिन कुरकुरला. "आम्ही दहा महिने बर्फात उभं राहून तेच म्हणत होतो. तेव्हा कुठं होते हे महाशय?"

"शाळेत असतील. वय बघ ना त्यांचं," ग्लेंडा म्हणाली.

"तू कुणाच्या बाजूनं आहेस गं?"

"मी खाण्याच्या बाजूनं. त्यांच्याकडे लिंबाच्या वड्या आहेत. आपल्याकडे नुसती कोरडी बिस्किटं."

सभा चालवायला लोवेल होता, निवृत्त भूगोल शिक्षक. त्याने दारं लावून घेतली आणि डोकी मोजली. बरोबर दोनशे. म्हणजे कोपरा टिकायला तीस माणसं हवीत. मग एकेक कोपरा आपापले आकडे म्हणू लागला. सिनेटरच्या कोपऱ्यातला शेवटचा आवाज आला, "एकोणतीस."

"पंधरा मिनिटं देतो," लोवेल म्हणाला. "ज्याला मन बदलायचंय त्यानं बदला. शिट्टी झाली की संपलं."

त्या पंधरा मिनिटांत गावाचं खरं बोलणं होतं. लोक एकमेकांच्या बाह्या ओढतात, जुने उपकार काढतात. जनेल भिंतीपाशी फोनवर बोलत होती. नंतर तिने आपल्या माणसांना सांगितलं, "एफ्राइनला सोडत नाहीयेत. दुसऱ्या पाळीत माणसं कमी आहेत म्हणे." एफ्राइन अकरा वर्षांपासून या देशाचा नागरिक. पण कारखान्याची दुसरी पाळी तीनला सुरू होते आणि कॉकस सातला. कापणाऱ्यांपैकी एकही जण त्या व्यायामशाळेत नव्हता, आणि त्यांच्या पगाराबद्दल मात्र दोनशे जण तावातावाने बोलत होते.

जनेल वड्यांची थाळी घेऊन खिडकीखालच्या कोपऱ्यात आली. आईकडे तिने एकदा बघितलं आणि नजर मर्लिनकडे वळवली.

"आम्हाला एक माणूस हवाय," ती म्हणाली. "फक्त एक."

"मग नवऱ्याला बोलव की तुझ्या," मर्लिन म्हणाला.

"तो तुमच्याच जुन्या टेबलाशी उभा आहे, मर्लिन. तुम्ही करायचात तेच काम, निम्म्या पैशात. तुम्हीच सांगा त्याच्या साहेबाला, सोडा म्हणून."

मर्लिनने वडी उचलली. "ड्वेनला हे आवडलं नसतं."

"डॅड नाहीये आता."

जनेलने थाळी खुर्चीवर ठेवली, पुन्हा एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि परत गेली. आईचं नाव तिने घेतलं नाही. घ्यायचंच नसेल तर इतक्या जवळ कशाला आली, हे व्हर्लाला कळत होतं.

व्हर्लाचं मत पक्कं होतं. इतकी वर्षं पक्कंच होतं. जो डुक्कर कापतो त्याला कापण्याचे पुरे पैसे मिळावेत, मग तो कुठून का आलेला असेना. आता उठायचं, तिने ठरवलं. व्यायामशाळेची रुंदी ती काय, ओलांडायला अर्धं मिनिटसुद्धा लागणार नाही. तिने हातातली पर्स बंद केली. मनात ती उठली, चाललीही. पण देह खुर्चीवरच होता. बाही ओढायला कुणी नव्हतं, आणि बाही ओढल्याशिवाय जागचं हलायची त्या देहाला सवयच नव्हती. ती घड्याळाचा काटा बघत बसली. सात मिनिटं. चार. एक. बघताना तिला भीतीसुद्धा वाटली नाही.

लोवेलने शिट्टी वाजवली.

जाळीखालचा कोपरा मोडला. नऊ जण कोट घालून घरी गेले, बाकीचे वीस इकडेतिकडे वाटले गेले. जनेलने पाटी उलटी करून भिंतीला टेकवली. गव्हर्नर तिची दुसरी पसंती होती, म्हणून ती खिडकीखाली आली. मोजणीसाठी सगळ्यांना ओळीत उभं केलं. ग्लेंडाने व्हर्लाला दंडाला धरून उठवलं. रिकामी जागा व्हर्लाच्या शेजारीच होती. जनेल तिथे उभी राहिली.

"एक माणूस कमी पडला, मॉम," ती समोर बघत म्हणाली.

"माहितीये. मी मोजत होते."

ओळीच्या पलीकडच्या टोकाकडून आकडे सुरू झाले होते.

"मला यायचं होतं," व्हर्ला म्हणाली.

"कधी? आत्ता, की लग्नाला?"

"दोन्ही वेळा."

"यायचं होतं ते कुणी मोजत नाही, मॉम. आलेलं माणूस मोजतात."

व्हर्लाला वाटलं, निदान आता तरी रडू येईल. आलं नाही. आकडा ग्लेंडापर्यंत पोचला, ग्लेंडा म्हणाली, "एकशे एक."

"एकशे दोन," व्हर्ला म्हणाली.

"एकशे तीन," जनेल म्हणाली.

नऊ वर्षांत मायलेकी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या त्या एवढ्याच. मोजणी संपताच जनेलने कोट घातला, हातमोजे शोधले. निघताना ती थांबली.

"रस्ता निसरडा आहे, मॉम. सांभाळून जा."

जानेवारीत आम्ही हे कुणालाही सांगतो.