पहिल्या गौरीजेवणाचा दिवस

लग्नानंतरच्या पहिल्या गौरीजेवणाला नैवेद्याला उशीर होत होता आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून उतरणारं ऊन बघत होते. मी जैन घरातली. आमचं दशलक्षण पर्व चालू होतं. सूर्यास्तानंतर जेवायचं नाही. सासरी गौरीच्या आधी कुणी जेवायचं नाही. उपासाचं मोल दोन्ही घरांना सारखंच, तरी त्या दोन्हींच्या मधे मी कोंडल्यासारखी झाले होते.

आरती संपली तेव्हा अंधारलं होतं. सासूबाईंनी पुरणपोळीचं ताट पुढे ठेवलं.

"पोट दुखतंय," मी म्हणाले.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "सकाळीच सांगायचंस गं. गौर लवकर जेवली असती."

त्यांनी माझं ताट झाकलं आणि स्वतःलाही वाढून घेतलं नाही.